शेवटची होल्स: कोकणातल्या गोल्फ कोर्सच्या रूटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत गोल्फ जुना आहे. खारघरच्या खोऱ्यात सिडकोचा कोर्स आहे आणि दक्षिणेला काणकोणच्या राजबागेत नऊ होल्सचा. मधल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर (जांभ्याच्या कातळी पठारांवर) उद्या कोर्स यावा असं वाटणारे आहेत, येऊ नये असं वाटणारेही आहेत. दोघांकडूनही पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. भर शेवटच्या होल्सवर आहे, कारण आखणी चुकली की ती सगळ्यात आधी तिथे दिसते.

रूटिंग म्हणजे नेमकं काय?

अठरा होल्स जमिनीवर कोणत्या क्रमाने, कोणत्या दिशेने बसवायची आणि एका ग्रीनवरून (होलच्या खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) पुढच्या टीपर्यंत (पहिला फटका मारायची जागा) माणूस कसा चालत जाणार, हे ठरवणं म्हणजे रूटिंग. बंकर (वाळूचे खड्डे), ग्रीनचे उतार, तळी हे सगळं नंतर येतं आणि नंतर बदलताही येतं. रूटिंग बदलायचं म्हटलं की कोर्स मोडून पुन्हा बांधावा लागतो.

शेवटची होल्स तर सगळ्यात शेवटी आखत असतील ना?

उलट आहे. पहिलं टी, नववं ग्रीन, दहावं टी आणि अठरावं ग्रीन ही चारही टोकं साधारणपणे क्लबहाउसला बांधलेली असतात. मधली होल्स जमीन नेईल तिकडे जाऊ शकतात. अठराव्याला मात्र घरी परत यावंच लागतं. म्हणून क्लबहाउसची जागा मुक्रर झाली की सोळा, सतरा, अठरा या होल्सचं निम्मं नशीब ठरून जातं. शेवटची तीन होल्स किती लांब होतील, चढतील की उतरतील, वारा कुठून घेतील, हे त्या एका खुणेवर अवलंबून असतं. ती खूण नकाशावर कोण करतं? बहुतेक वेळा गोल्फशी संबंध नसलेला माणूस, रस्ता कुठून येतो ते बघून.

मग क्लबहाउस कुठे असावं? समुद्र दिसेल अशा कड्यावरच ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

सड्याचं समुद्राकडचं टोक ही कोर्सची सगळ्यात मोलाची जागा. तिथे इमारत, गाड्यांची जागा आणि पाण्याच्या टाक्या बसवल्या की ग्रीनला तिथे ठाव उरत नाही. शिवाय भरतीरेषेजवळच्या पट्ट्यात बांधकामाला सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) निर्बंध आहेत. पहिली अधिसूचना १९९१ची, आताची २०१९ची. जागेचा सीआरझेड नकाशा हातात आल्याशिवाय क्लबहाउसची रेघही ओढू नये.

कॅलिफोर्नियातली दोन शेजारी उदाहरणं बघा. सायप्रस पॉइंट हा ॲलिस्टर मॅकेंझीने आखलेला, १९२८ साली खुला झालेला कोर्स. त्याची पंधरा, सोळा आणि सतरा ही होल्स पॅसिफिकला अगदी लागून आहेत. मग अठरावं आत वळून सायप्रसच्या झाडांतून क्लबहाउसकडे चढतं. आधीच्या तिघांपुढे ते फिकं वाटतं, अशी तक्रार अनेक खेळाडू करत आले आहेत. पेबल बीचची (१९१९) मांडणी वेगळी आहे. तिथे आखणी साधारण इंग्रजी आठच्या आकाराची आहे. चार ते दहा ही होल्स समुद्राकाठी, मग आतल्या बाजूला फेरी, आणि सतराव्याला पुन्हा पाण्यावर. अठरावं कार्मेल उपसागराच्या काठाकाठाने घरी येतं. सुरुवातीला ते साधं पार-४, म्हणजे चार फटक्यांत पुरं व्हावं असं, होतं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हर्बर्ट फाउलरने ते लांबवून पार-५ केलं आणि तेव्हापासून ते जगातल्या नावाजलेल्या शेवटच्या होल्समध्ये मोजलं जातं. ते लांबवता आलं, कारण रूटिंगने त्याला किनारा आधीच देऊन ठेवला होता.

कोकणात मी क्लबहाउस कड्यापासून दोन-तीनशे पावलं आत, रस्त्याच्या बाजूला ठेवीन. ओटीवर बसून समुद्र झाडांच्या फटीतून दिसला तरी पुरे. कडा खेळायला मोकळा राहू द्यावा.

आमच्याकडे जमीन खालून वर चढत जाते. शेवटचं होल चढावर असलं तर काय बिघडतं?

दोन गोष्टी बिघडतात. एक पायांची. अठरा होल्स म्हणजे वळणावळणाने आठ-दहा किलोमीटर चालणं. एप्रिलच्या दमट उन्हात त्याच्या शेवटी घाटी चढायची म्हणजे खेळ संपून फक्त दम उरतो. दुसरी दिसण्याची. खालून वर मारताना ग्रीनचा पृष्ठभाग दिसत नाही, फक्त झेंड्याचं टोक दिसतं. आपला चेंडू होलजवळ थांबला की मागे घरंगळला, हे कळायला वर जावं लागतं. सामन्याचा निकाल लागणारा फटका असा आंधळा नसावा.

चढ टाळता येत नसेल तर तो वाटून घ्यावा. जुन्या आखणीकारांची युक्ती अशी की चढ ग्रीनवरून पुढच्या टीकडे जाणाऱ्या पायवाटेत खपवायचा आणि टीवरून खाली मारायचं. तेरा ते सोळा या होल्समध्ये असं थोडं थोडं वर आलं की सतरा-अठरा सपाटीवर किंवा हलक्या उतारावर ठेवता येतात. अंतराचा हिशेबही लक्षात असू द्या: ग्रीन जितके यार्ड वर, साधारण तितके यार्ड होल जास्त लांब खेळतं.

वाऱ्याचा शेवटच्या होल्सवर एवढा परिणाम होतो का? वारा तर सगळीकडेच असतो.

कोकणात वारा दिवसातून दोनदा आपली बाजू बदलतो आणि राउंड चार-साडेचार तासांचा असतो, म्हणून इथे हा प्रश्न स्कॉटलंडपेक्षाही नाजूक आहे. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वाहतो. ऊन तापलं की तो पडतो, थोडा वेळ पान हलत नाही, आणि दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. पावसाळा सोडून बाकीच्या महिन्यांत दुपारी तो बहुतेक वायव्येकडून येतो.

आता सकाळी साडेसहाला निघालेला खेळाडू बघा. त्याची पहिली होल्स मतलईत होतात आणि शेवटची निवांत हवेत किंवा खाऱ्या वाऱ्याच्या पहिल्या झुळकांत. दुपारी एकला निघालेल्याला पूर्ण राउंडभर खारा वारा मिळतो आणि शेवटी तो सैल पडत जातो. तेच अठरावं होल एकाला सातव्या लोखंडाने, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या काठीने, गाठता येतं, दुसऱ्याला लांब पल्ल्याच्या लाकडाने. सामोरा वारा जेवढं अंतर खातो तेवढं पाठीचा वारा परत देत नाही, हेही धरून चाला.

किनाऱ्यावरची जमीन सहसा उत्तर-दक्षिण लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद असते. अशा पट्टीवर सोपी आखणी म्हणजे नऊ होल्स एका दिशेने जायचं आणि नऊ परत यायचं. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स मुळात असाच आहे. रॉयल ट्रूनही तसाच: जाताना नेहमीचा वारा पाठीशी आणि येताना समोरून, म्हणून तिथे स्कोअर जाताना कमवावा लागतो आणि येताना राखावा लागतो. हेच कोकणात धरलं तर क्लबहाउस पट्टीच्या उत्तर टोकाला ठेवल्यावर दुपारचा परतीचा प्रवास वायव्येच्या वाऱ्याशी झुंजत होतो. दक्षिण टोकाला ठेवलं तर वारा पाठीशी. दक्षिण टोक दयाळू वाटतं, पण पाठीचा वारा चालणाऱ्याच्या अंगाला लागत नाही. मे महिन्यात शेवटची पाच-सहा होल्स तशी खेळून बघितली की त्याचा अर्थ कळतो.

म्हणून जागा थोडीशी रुंद असेल तर मी स्कॉटलंडमधल्या म्युरफील्डकडे बघायला सांगतो. १९२५ नंतर आखणीकार हॅरी कोल्टने तिथे जी मांडणी पक्की केली तीत पहिली नऊ होल्स बाहेरून घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि दुसरी नऊ त्यांच्या आत उलट दिशेने. त्यामुळे वारा दर दोन-तीन होल्सनी वेगळ्या अंगाने येतो. कोकणात सोळावं पूर्वेकडे, सतरावं दक्षिणेकडे आणि अठरावं उत्तरेकडे असं जमलं, तर सकाळचा आणि दुपारचा दोन्ही खेळाडू शेवटी वाऱ्याच्या तिन्ही परी भेटून येतात.

सूर्यास्ताकडे तोंड करून शेवटचं होल ठेवावं असं सगळे म्हणतात. छायाचित्रंही छान येतील.

छायाचित्रं येतील, चेंडू दिसणार नाही. दुपारच्या राउंडची शेवटची होल्स मावळत्या उन्हात होतात. डोळ्यांवर ऊन घेऊन टी मारणाऱ्याला चेंडू कुठे पडला ते कळत नाही, आणि पुढे चालणाऱ्या गटाला ते धोक्याचंही असतं. रत्नागिरीच्या अक्षांशावर डिसेंबरात सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो. मे-जूनकडे तो जवळपास तितकाच उत्तरेला सरकतो. हा सगळा पंखा शेवटच्या तीन होल्सच्या फेअरवेनी (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यांनी) टाळावा. उत्तर किंवा दक्षिण दिशा सगळ्यात सुखाची. सूर्यास्त तेव्हाही दिसतोच, फक्त बाजूने.

पहिल्या होलचा नियम याच्या उलट: ते पूर्वेकडे नको.

समुद्र डाव्या हाताला असावा की उजव्या?

अठराव्याला डाव्या. बहुसंख्य खेळाडू उजव्या हाताने खेळतात आणि त्यातल्या साध्यासुध्यांचा चेंडू उजवीकडे वळतो. समुद्र उजवीकडे असेल तर थकलेल्या माणसाचे दोन-दोन चेंडू पाण्यात जातात आणि मागे गट ताटकळतात. आपल्या किनाऱ्यावर उत्तरेकडे चाललात की समुद्र डावीकडे येतो. खारा वारा तेव्हा समोरून, थोडा डावीकडून येतो आणि चेंडूला जमिनीकडे ढकलतो. धाडसी खेळाडूने डावीकडून कड्याजवळची वाट धरावी, भित्र्याने उजवीकडे ऐसपैस जागा घ्यावी. पेबल बीचच्या अठराव्यालाही समुद्र डावीकडेच आहे.

ग्रीन मात्र कड्याच्या अगदी ओठावर नको. जांभ्याखालची मऊ माती लाटांनी आणि पावसाच्या पाझराने पोखरली जाते आणि वरचा कातळ ढिगाने कोसळतो.

सड्यावर कोर्स करणं बरोबर आहे का? तिथे कातळशिल्पं आहेत.

हा प्रश्न विचारणाऱ्यांचे मी आभार मानतो. कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, कुडोपी अशा जागची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. शिल्पं फक्त प्रसिद्ध जागीच असतात असंही नाही; कितीतरी मातीच्या पातळ थराखाली झाकलेली सापडतात. पावसात याच कातळावर काही आठवडे जी फुलं येतात त्यांच्यात कीटक खाणाऱ्या सीतेच्या आसवांपासून कितीतरी जाती आहेत. त्यांना तो उघडा कातळच लागतो. अशा अभंग सड्यावर ट्रकांनी माती आणून हरळी लावायची हे मला मान्य नाही.

पण सड्यांवर दुसरी जमीनही आहे: सोडून दिलेल्या चिरेखाणी. चिरे काढून झाले की उभ्या भिंतींचे, पायऱ्यापायऱ्यांचे खड्डे तसेच राहतात, पावसात भरतात, उन्हाळ्यात त्यांत कचरा पडतो. शेवटची होल्स तिथे न्यावीत.

हे नवं नाही. फिलाडेल्फियाजवळ मेरियनचा ईस्ट कोर्स ह्यू विल्सनने १९१२ साली घडवला. त्याची शेवटची तीन होल्स एका जुन्या दगडखाणीभोवती आहेत. सोळाव्याला ग्रीनकडचा फटका खाणीवरून जातो. सतरावं पार-३ आहे आणि तेही खाणीवरूनच खेळायचं. अठराव्याला टीचाच फटका खाण ओलांडतो. १९५०च्या यूएस ओपनमध्ये बेन होगनने याच अठराव्यावर एक नंबरच्या लोखंडाने ग्रीन गाठली, जीवघेण्या मोटार अपघाताला दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा. फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रासचं सतरावं होल, म्हणजे ते प्रसिद्ध बेटावरचं ग्रीन, हेही खणून काढलेल्या जागेतूनच जन्मलं. तिथली वाळू कोर्सच्या बाकीच्या कामाला लागली, मोठा खड्डा उरला, आणि आखणीकार पीट डाय यांच्या पत्नी ॲलिस डाय यांनी ग्रीनभोवती पाणी सोडायचं सुचवलं.

चिरेखाणीची उंच-खोल रचना सपाट सड्याला जे नसतं ते देते: खोली, सावली, लाल भिंत, आणि मारावा की वळसा घालावा असा खरा प्रश्न. दोन पथ्यं मात्र पाळावीत. खाणीला वळसा घालून जाणारी सुरक्षित वाट प्रत्येक होलवर हवी, नाहीतर म्हातारी माणसं आणि नवशिके सोळाव्यालाच थांबतील. आणि रेघा आखण्याआधी आजूबाजूचा कातळ जाणकारांकडून पायी तपासून घ्यावा. शिल्प सापडलं की होल सरकतं, शिल्प नाही.

शेवटचं होल पार किती असावं?

पार-४ किंवा पार-५. पार-३ने संपणारे मोठे कोर्स थोडे आहेत. १९९७ची यूएस ओपन काँग्रेशनलवर पार-३ने संपली होती. अटलांटाच्या ईस्ट लेकचं अठरावंही पार-३ होतं. २०१६ साली टूर चँपियनशिपसाठी तिथल्या दोन नऊंची अदलाबदल केली आणि आता राउंड पार-५ने संपतो. पार-३ला निकाल एकाच फटक्यात लागतो. पार-५ला मागे पडलेल्याला धाडस करायची संधी मिळते आणि पुढे असलेल्यालाही विचार करावा लागतो.

एकटं अठरावं बघू नका, सोळा-सतरा-अठरा एकत्र बघा. सॉग्रासला तिथे पार ५, ३, ४ असा क्रम आहे. मिळवायचं, गमवायचं आणि टिकवायचं असे तीन वेगळे प्रसंग त्यात ओळीने येतात.

आम्ही मॅच प्लेच खेळतो. आमचा सामना अठराव्यापर्यंत पोचतच नाही.

मॅच प्लेत फटक्यांची बेरीज नसते, एकेक होल जिंकायचं असतं; म्हणून तुमच्यासाठी चौदा ते सतरा हीच खरी शेवटची होल्स. तीन होलनी पुढे आणि दोन उरलेली, म्हणजे सामना सोळाव्यावर संपला. सगळं नाट्य अठराव्यासाठी राखून ठेवणारी आखणी मॅच प्लेवाल्यांवर अन्याय करते. तुमच्या कोर्सवर सामने बहुधा कुठे संपतात ते कॅडींना (काठ्यांची पिशवी वाहणाऱ्यांना) विचारा. त्यांना नेमकं माहीत असतं.

गावाची पाणंद आमच्या नियोजित अठराव्यातून जाते. ती वळवून घ्यावी का?

वळवू नये. किनाऱ्यावर उतरायची वाट, देवराईची वाट, पाखाडी या गावाच्या आहेत. सेंट अँड्र्यूजच्या पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे एकच सामाईक आहे आणि त्यातून ग्रॅनी क्लार्क्स विंड नावाचा सार्वजनिक रस्ता आडवा जातो. माणसं, गाड्या जातात तेव्हा जगातले मोठे खेळाडूही थांबतात. रविवारी तर तो कोर्स खेळाला बंद असतो आणि लोक तिथे फिरायला येतात. आपल्याकडे फक्त एवढं बघावं की वाट टीपासून दिसणाऱ्या जागी यावी, चेंडू उतरतो त्या पट्ट्यात येऊ नये. गडगे (दगडी कुंपणं) जसे आहेत तसे राहू द्यावेत. जांभ्याचा गडगा बंकरपेक्षा चांगला अडथळा आहे.

अठरा होल्सची जमीन नाही. नऊ होल्सवर चांगला शेवट होईल का?

होईल. अठरा हा आकडा जमिनीतून आलेला नाही. सेंट अँड्र्यूजला पूर्वी बावीस होल्सचा राउंड असे. १७६४ साली सुरुवातीची काही लहान होल्स एकत्र केल्यावर तो अठराचा झाला. कोकणात सामाईक सातबाऱ्यांमुळे सलग मोठी जमीन मिळणंच कठीण, म्हणून मला नऊ होल्स इथे जास्त शोभून दिसतात. राजबागेतल्या कोर्ससारखी दोन-दोन टी ठेवली की तीच ग्रीन दुसऱ्या फेरीत वेगळ्या कोनातून खेळता येते. नववं होल दोनदा शेवटचं ठरतं, तेव्हा त्याची दोन टी नुसती मागे-पुढे ठेवू नका, बाजूलाही सरकवा. पहिल्या फेरीत ते सरळ पार-४ आणि दुसऱ्या फेरीत खाणीच्या कोपऱ्यावरून येणारं पार-५ होऊ शकतं.

पावसाळ्यात काय?

खाजणाच्या कडेची, खालच्या अंगाची होल्स जूनपासून पाण्यात जातात. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात ते गृहीतच धरावं. शेवटची होल्स तिथे ठेवली तर चार महिने राउंडला शेवटच नाही. क्लबहाउसजवळच्या उंच जागी पहिली दोन आणि शेवटची तीन होल्स मिळून छोटा फेरा होईल असं बघा. सखल होल्स मध्यावर, सहा ते बाराच्या दरम्यान टाका. त्यांच्या ग्रीनना खारं पाणी सोसणारं पॅस्पॅलम गवत लावता येतं.

आमचा कोर्स बांधून झालाय आणि शेवट फसलाय. आता काही करता येईल?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दोन नऊ आपसात बदलून बघणं. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबने हेच केलं. १९३४च्या पहिल्या मास्टर्स स्पर्धेत आजची दहा ते अठरा ही होल्स आधी खेळली गेली आणि राउंड आजच्या नवव्या ग्रीनवर संपला. सकाळी सखल भागातल्या ग्रीनवर गोठलेलं दहिवर जास्त वेळ टिकायचं, म्हणून दुसऱ्या वर्षीपासून क्रम उलटा केला. कारण साधं हवामानाचं, पण त्यामुळे आजची अकरा ते तेरा आणि पंधरा-सोळा ही पाण्याकाठची होल्स राउंडच्या उत्तरार्धात आली.

तुमची दोन्ही नऊ क्लबहाउसला परत येत असतील तर यासाठी फक्त टीवरच्या पाट्या आणि स्कोअरकार्ड बदलावं लागतं. एक महिना सकाळी आणि एक महिना दुपारी असं खेळून बघा, कारण वाऱ्याचा आणि उन्हाचा फरक दोन्ही वेळांना वेगळा पडतो. दोन्ही नऊ परत येत नसतील, तर सुरुवातीचं टी तिसऱ्या किंवा चौथ्या होलवर नेऊन साखळी फिरवता येते का ते नकाशावर तपासा. त्यासाठी रस्त्याजवळ एक छोटी पडवी आणि पिण्याचं पाणी एवढी सोय नव्या सुरुवातीला पुरते.